वाकणारा मेटासरफेस आपल्याच लॅबमध्ये कसा बनवायचा: मटेरियल निवडण्यापासून ते ड्रिपच्या नळीवर गुंडाळून बघण्यापर्यंत

मेटासरफेस म्हणलं की आपल्याकडच्या पोरांच्या डोळ्यासमोर आधी क्लीनरूम, पांढरे सूट, पिवळे लाईट असलं काहीतरी येतं आणि मग "सर, हे आपल्याकडं नाही जमायचं, सिम्युलेशनवरच भागवू" असं ठरून जातं. मी लातूर जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या इलेक्ट्रॉनिक्स लॅबमध्ये काम करतो, गेल्या काही वर्षांत एमएस्सीच्या पोरांसोबत बऱ्याच शीट बनवल्यात, बऱ्याच वाया पण गेल्यात. जे शिकलो ते सगळं एका जागी लिहून ठेवतोय, कारण दरवर्षी नवीन बॅच त्याच चुका पहिल्यापासून करते आणि त्यात दोन महिने जातात.

मेटासरफेस म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. एका पातळ शीटवर धातूचे छोटे छोटे आकार एकसारखे रांगेत मांडायचे, आकार लाटेच्या लांबीपेक्षा लहान ठेवायचे, म्हणजे लाटेला ते आकार वेगवेगळे दिसत नाहीत, तिला एकच सलग पदार्थ दिसतो, आणि तो पदार्थ कसा वागेल हे ठरतं मुख्यतः आकारावरून. जगदीशचंद्र बोसांनी १८९८ साली ज्यूटचे पीळ दिलेले जुडगे वापरून सूक्ष्मलहरींचं ध्रुवीकरण (लाट कोणत्या दिशेला हलते ते) फिरवून दाखवलं होतं, म्हणजे पदार्थ साधाच, करामत सगळी पिळाची. पुढे १९९९ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ जॉन पेंड्री यांनी धातूच्या कापलेल्या रिंगचं गणित मांडलं, २००० मध्ये स्मिथ आणि सहकाऱ्यांनी ते प्रत्यक्ष करून दाखवलं, आणि २०११ मध्ये हार्वर्डच्या कपासो गटाच्या कामानंतर जाड ठोकळ्याऐवजी पातळ पृष्ठभागावर सगळ्यांचं लक्ष गेलं. इथं आपला विषय आहे हीच शीट वाकणारी किंवा ताणली जाणारी कशी करायची.

मला यातली सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट आधीच सांगून टाकतो. नक्षी काढणं अवघड नाही, अवघड आहे धातू आणि प्लास्टिक एकमेकांना धरून राहणं. धातू फार ताण सोसत नाही, प्लास्टिक सोसतं, आणि दोघांना एकत्र वाकवलं की भांडण सुरू होतं ते त्यांच्या जोडावर. मटेरियल निवडताना, पद्धत निवडताना, टेस्ट करताना नजर त्या जोडावर ठेवा.

आधी दोन गोष्टी ठरवा

पहिली, फ्रिक्वेन्सी कोणती. १० गिगाहर्ट्झला लाट ३० मिलीमीटरची असते, म्हणजे आकार ७-८ मिलीमीटरचे, कात्री-ब्लेडच्या जगातलं काम. १ टेराहर्ट्झला तीच लाट ३०० मायक्रॉन होते, तिथं आकार काही दहा मायक्रॉनचे लागतात आणि फोटोलिथोग्राफीशिवाय (प्रकाशानं बारीक नक्षी छापायची क्लीनरूममधली पद्धत) पर्याय नाही. दिसणाऱ्या प्रकाशाला तर १०० नॅनोमीटरच्या आसपासची कलाकुसर लागते. आपल्या भागातल्या बऱ्याच कॉलेजात एक्स बँडचा (१० गिगाहर्ट्झच्या आसपासचा) गन डायोड नाहीतर क्लायस्ट्रॉनचा बेंच, म्हणजे सूक्ष्मलहरी तयार करून मोजायचा जुना सेट, धूळ खात पडलेला असतो, वर्षातून एकदा प्रॅक्टिकलला निघतो. त्या बेंचवर ९ ते ११ गिगाहर्ट्झचं मोजमाप आरामात होतं, म्हणून सुरुवात तिथूनच करा.

दुसरी, शीट नुसती वाकवायची आहे का ताणायची पण आहे. लोक हे दोन्ही एकच धरतात आणि तिथंच फसतात. वाकवताना बाहेरच्या बाजूला पडणारा ताण साधारण शीटच्या जाडीला वाकाच्या त्रिज्येच्या दुपटीने भागलं की निघतो. १२५ मायक्रॉनची पीईटी प्लास्टिकची शीट ८ मिलीमीटर त्रिज्येवर गुंडाळली तर ताण होतो ०.७८ टक्के. तेच २५ मायक्रॉन पॉलिइमाइड प्लास्टिक आणि वर १८ मायक्रॉन तांबं असेल तर एकूण ४३ मायक्रॉन, ताण फक्त ०.२७ टक्के. म्हणजे वाकवायला लवचिक मटेरियल लागतं असं नाही, पातळ मटेरियल लागतं. ताणायची असेल तर मात्र १०-२० टक्क्यांची गोष्ट येते, तिथं साधी धातूची सलग पट्टी टिकतच नाही, रबरासारखं मटेरियल आणि वेगळी युक्ती लागते.

शीटसाठी काय, धातूसाठी काय

पॉलिइमाइड, म्हणजे आपण ज्याला कॅप्टॉन टेप म्हणून ओळखतो तो पिवळसर-नारंगी पदार्थ, वाकवण्यासाठी माझी पहिली पसंती. डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट (पदार्थात लाट किती आखूड होते ते ठरवणारा आकडा) साधारण ३.४, उष्णता प्रचंड सोसतो, इस्त्री फिरवा, सोल्डर करा, काही होत नाही. दोष एकच, पाणी पितो. पावसाळ्यात उघडा पडलेला रोल तसाच गरम केला तर फुगे येतात, म्हणून काम सुरू करायच्या आधी ११०-१२० डिग्रीला तासभर ओव्हनमध्ये ठेवून वाळवून घ्या, हे मी सोडत नाही.

पीईटी म्हणजे आपली जुनी ओएचपी शीट. स्वस्त, पारदर्शक, कोपऱ्यावरच्या स्टेशनरीत मिळते, डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट ३ च्या आसपास. पण ७०-८० डिग्रीच्या पुढं मऊ पडायला लागते आणि साधी शीट १२० डिग्रीला आकसते. १०-१५ मिलीमीटरच्या आत वाकवायची नसेल तर पीईटी उत्तम.

पीडीएमएस म्हणजे सिलिकॉन रबर, ताणायचं असेल तर हेच. डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट २.७ च्या आसपास, पण गिगाहर्ट्झला लॉस (लाटेची आतच जिरणारी ऊर्जा) पॉलिइमाइडपेक्षा बराच जास्त. शोषक शीट बनवायची असेल तर हा लॉस उलट कामाला येतो. गणपतीच्या मूर्तीचे साचे करायला जे दोन भागांचं आरटीव्ही सिलिकॉन वापरतात ते सरावासाठी चालतं, स्वस्त पडतं, फक्त त्यातला टिन क्युअरवाला (कथिलाच्या कॅटॅलिस्टवर पक्का होणारा) प्रकार सुकताना आकसतो, तर अंतिम शीटसाठी प्लॅटिनम क्युअरचंच घ्या.

धातूमध्ये आधी स्किन डेप्थ बघा, म्हणजे लाट धातूत किती खोल शिरते ते. तांब्याची १० गिगाहर्ट्झला ०.६६ मायक्रॉन आहे, म्हणजे १८ मायक्रॉनचं तांबं गरजेच्या कितीतरी पट जाड झालं, स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल पण मस्त चालते. चिप्सच्या पाकिटातल्या चकचकीत थरात ॲल्युमिनियम काही दहा नॅनोमीटरच असतं, त्याचा रेझिस्टन्स चौकोनामागे ओहमच्या घरात जातो, म्हणून रेझोनन्स (ठराविक फ्रिक्वेन्सीला शीटचा जोरदार प्रतिसाद) पसरट येतो, पण बेंचवर दिसतो. दोन तासांत पोरांना कल्पना द्यायची असेल तर मी तेच कापायला देतो. चांदीची शाई छापता येते, पण तिची कंडक्टिव्हिटी सलग चांदीच्या दहाव्या हिश्श्याइतकी किंवा त्याहून कमी असते आणि ताणाला तडकते. पारदर्शक आयटीओ (टचस्क्रीनवरचा वीज वाहणारा थर) तर काचेच्या जातीचं, एक-दोन टक्के ताणाला भेगा पडतात, वाकणाऱ्या कामाला घेऊ नका.

तांब्याची फॉइल घेताना एक विचारा, रोल्ड ॲनील्ड (लाटून, तापवून मऊ केलेली) आहे का इलेक्ट्रोडिपॉझिटेड (विजेनं द्रावणातून चढवलेली). वारंवार वाकायचं असेल तर रोल्ड ॲनील्डच पाहिजे. पुष्कळ दुकानदारांना हा फरक माहीत नसतो, डेटाशीट मागून घ्या.

पहिलं डिझाईन: चौकोनी लूप

सुरुवातीला फॅन्सी काही करू नका, चौकोनी लूप घ्या. नियम सोपा, लूपची सरासरी परिमिती एका लाटेएवढी झाली की तो रेझोनन्सला येतो आणि शीट त्या फ्रिक्वेन्सीला आरशासारखी परत फेकते, बाकीच्यांना जाऊ देते. १० गिगाहर्ट्झसाठी बाहेरची बाजू ७.५ मिलीमीटर, पट्टीची रुंदी ०.५, एका लूपच्या मध्यापासून शेजारच्याच्या मध्यापर्यंत अंतर १० मिलीमीटर. सरासरी बाजू ७, परिमिती २८, हवेत हे १०.७ गिगाहर्ट्झला बसतं, शीटच्या डायइलेक्ट्रिकमुळं आणि शेजारच्या लूपच्या प्रभावामुळं ते सरकतं. किती सरकेल हे ओपनईएमएस सारख्या फुकट सॉफ्टवेअरवर एकाच लूपच्या सेलला, समोरासमोरच्या दोन बाजूंना पीईसी (आदर्श धातूची) आणि उरलेल्या दोन बाजूंना पीएमसी (आदर्श चुंबकीय) भिंत लावून बघा, आणि तरीही ७, ७.५ आणि ८ मिलीमीटर अशा तीन शीट काढा. एका शीटवर सगळा भरवसा ठेवायचा नाही. ए४ आकारात २० बाय २९ लूप बसतात, तेवढे पुरतात.

अजून एक करा, शीटच्या कडेला, लूपच्या बाहेर, अर्धा मिलीमीटर रुंद आणि नागमोडी एक मीटर लांब रेघ काढून ठेवा, दोन टोकांना दोन पॅड. १८ मायक्रॉन तांब्याला हिचा रेझिस्टन्स साधारण १.९ ओहम येतो. पुढं वाकवून वाकवून तडे गेले का हे बघायला ही रेघ लागणार आहे, लूप सगळे वेगवेगळे असल्यामुळं त्यांच्यावर मल्टीमीटर लावून काहीच कळत नाही.

पॉलिइमाइडवर एचिंग, पायरी पायरीनं

एचिंग म्हणजे नको असलेलं तांबं केमिकलनं खाऊन नक्षी तेवढी उरवायची. हीच पद्धत मी सगळ्यांना आधी शिकवतो. तांबं चिकटलेली पॉलिइमाइड शीट घ्या, २५ मायक्रॉन बेस आणि १८ मायक्रॉन तांबं. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, मग बारीक स्कॉचब्राइटनं हलक्या हातानं घासा, मग परत पुसा आणि त्यानंतर तांब्याला बोट लावायचं नाही. बोटाचा तेलकटपणा डोळ्याला दिसत नाही पण एचिंगमध्ये बरोबर अंगठ्याचा ठसा उमटतो.

शीट पातळ असल्यामुळं गुंडाळी होते, म्हणून कडांनी टेप लावून ॲक्रेलिकच्या पाटीवर ताणून बसवा. लेसर प्रिंटवरून इस्त्रीनं टोनर ट्रान्सफर करायचा असेल तर पॉलिइमाइडवर ते छान जमतं, पण ०.५ मिलीमीटरची रेघ सगळीकडं सारखी हवी असेल तर ड्राय फिल्म फोटोरेझिस्ट (यूव्ही पडला की घट्ट होणारी पातळ फिल्म) वापरा. फिल्मची एका बाजूची झिल्ली काढा, तांब्यावर कडेकडेनं दाबत लावा, हवा अडकू देऊ नका, आणि आयडी कार्डवाल्या लॅमिनेटरमधून साधारण ११० डिग्रीला दोनदा काढा. वर निगेटिव्ह प्रिंटची ओएचपी शीट ठेवा, छपाईची बाजू खाली, वरून काच, आणि यूव्ही दाखवा. नखांचा यूव्ही लॅम्प चालतो. आपल्याकडचं ऊन फुकट आहे आणि जोरदार आहे, पण सकाळचं आणि बाराचं सारखं नसतं, त्यामुळं उन्हात करायचं तर दरवेळी तुकड्यावर १०, २०, ३०, ४० सेकंदांची चाचणी पट्टी आधी काढा.

डेव्हलप करायला लिटरभर पाण्यात १० ग्रॅम सोडा ॲश. इथं एक गफलत नेहमी होते. किराणा दुकानातला खडेवाला धुण्याचा सोडा घेतला तर त्यात पाणी बांधलेलं असतं, तो २७ ग्रॅम घ्यावा लागतो, आणि खायचा सोडा तर वेगळंच रसायन आहे, त्यानं काम होत नाही. आता वरच्या बाजूची उरलेली झिल्ली काढून शीट द्रावणात हलवत राहा, जिथं यूव्ही पडला नाही तिथली फिल्म सुटून येते, स्वच्छ तांबं दिसायला लागलं की थांबा.

मग फेरिक क्लोराईड, ४०-४५ डिग्री कोमट, प्लास्टिकच्या ट्रेमध्ये, धातूच्या भांड्यात कधीच नाही. कोरडी पावडर असेल तर पाण्यात थोडी थोडी टाका, गरम होतं. हातात नायट्राईल ग्लोव्ह, डोळ्याला चष्मा, आणि अंगावर जुना शर्ट, डाग जात नाहीत. ट्रे हलवत राहिलं की पाच-दहा मिनिटांत काम होतं. तांबं नुसतं वरून खाल्लं जात नाही, कडेनं पण खाल्लं जातं, प्रत्येक बाजूला जवळपास तांब्याच्या जाडीएवढं, म्हणून ०.५ ची रेघ ०.४६ पर्यंत येऊ शकते. डिझाईनमध्ये तेवढी रुंदी आधीच वाढवून ठेवा.

धुताना नळ चालू ठेवून धुऊ नका. लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, ते दिवस बघितलेल्या माणसाला नळाखाली शीट धरून उभं राहणं सहन होत नाही. तीन टब भरा, पहिल्यात बुडवा, मग दुसऱ्यात, मग तिसऱ्यात. पहिला टब घाण झाला की दुसरा त्याच्या जागी आणायचा आणि नवीन पाणी फक्त शेवटच्या टबात घालायचं. आणि वापरलेलं फेरिक क्लोराईड बेसिनमध्ये किंवा बाहेर मातीत ओतायचं नाही म्हणजे नाही. त्यात तांबं विरघळलेलं असतं, ते जमिनीला आणि विहिरीला बाधतं. सोडा ॲश टाकत टाकत त्याचा गाळ बसवा, गाळ वाळवून बंद डब्यात लेबल लावून ठेवा आणि घातक कचरा घेणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडंच द्या.

शेवटी दोन-तीन टक्के कॉस्टिक सोड्यात उरलेली फिल्म काढा, पण पॉलिइमाइडला कॉस्टिक सोडा हळूहळू खातो, त्यामुळं शीट त्यात विसरून चहाला जायचं नाही, फिल्म सुटली की लगेच बाहेर.

आणि आता ती पायरी जी सगळे गाळतात. वरून तेवढ्याच जाडीची, २५ मायक्रॉनची, पॉलिइमाइडची झाकणी चिकटवा. वाकवताना शीटच्या बाहेरच्या बाजूला ताण पडतो, आतल्या बाजूला दाब, आणि मध्ये एक पातळी अशी असते जिथं दोन्ही नाही. झाकणी लावली की तांबं बरोबर त्या मधल्या पातळीवर येतं. शीट जाड झाली तरी तांब्याचं आयुष्य वाढतं. हे पहिल्यांदा करून बघितलं तेव्हा मला स्वतःला एवढा फरक पडेल असं वाटलं नव्हतं.

रेडियमवाला आणि पत्रिकावाला

केमिकल नको असेल तर गाडीच्या नंबरप्लेटचं रेडियम कापणाऱ्या दुकानात जा. त्याच्या कटिंग प्लॉटरवर चिकट पाठीची तांब्याची फॉइल कापून मिळते, फक्त ब्लेडचा दाब असा ठेवायला सांगा की तांबं कापलं जाईल पण खालचा कागद नाही. नको असलेलं तांबं चिमट्यानं उचलताना बारीक रेघा सोबत निघून येतात, त्यामुळं एक मिलीमीटरपेक्षा बारीक रेघेच्या नादी लागू नका. म्हणून या पद्धतीला मोठे आकार चांगले, वायफायच्या २.४५ गिगाहर्ट्झला लूपची सरासरी बाजू साधारण २९ मिलीमीटर येते, एका संध्याकाळी पूर्ण शीट होते, आणि राउटर नि फोनमध्ये ती धरून सिग्नल पडतो का हे पोरांना लगेच दाखवता येतं.

लग्नपत्रिका छापणारे स्क्रीन प्रिंटरवाले पण फार कामाचे. चांदीची कंडक्टिव्ह शाई तुम्ही आणा, बारीक मेशची स्क्रीन त्यांच्याकडून करून घ्या. स्क्विजी एका दमात, एका दाबानं ओढायची, मध्ये थांबलं की तिथं जाडी बदलते. ०.३ मिलीमीटरपर्यंतची रेघ व्यवस्थित येते. सुकवताना शाईच्या पाकिटावरचं तापमान आणि पीईटीची सहनशक्ती यांचं जुळवून घ्या, शीट दोन काचांमध्ये धरून सुकवली की वाकडी होत नाही.

ताणायचं असेल तर पीडीएमएस

१५० बाय १५० मिलीमीटरची, एक मिलीमीटर जाड शीट म्हणजे साडेबावीस घन सेंटिमीटर, त्यासाठी साधारण २१ ग्रॅम बेस आणि २.१ ग्रॅम क्युअरिंग एजंट, म्हणजे वजनानं १० ला १. पाच मिनिटं घोळा, पार तळापासून, मग व्हॅक्यूम डेसिकेटरमध्ये अर्धा तास, वर आलेले बुडबुडे फुटून जाऊ द्या. काचेवर ॲक्रेलिकची चौकट ठेवून तिच्यात ओता, काच पाणसळीनं सपाट केलेली असावी, नाहीतर एका बाजूला ०.८ आणि दुसऱ्या बाजूला १.२ मिलीमीटर येतं आणि रेझोनन्स पसरतो. ७० डिग्रीला दोन तास. मे महिन्यात आपल्याकडं लॅबच चाळीस डिग्रीची असते, त्यामुळं घोळलेलं मिश्रण बाहेर जास्त वेळ राहत नाही, घट्ट व्हायला लागतं, सकाळी सातला काम उरकून घ्या. लाईट जाण्याचा भरवसा नसेल तर ओव्हनच्या नादी न लागता झाकून दोन दिवस तसंच ठेवा, ते पण पक्कं होतं.

एक चूक सांगतो जिच्यात आमची तीन आठवडे आणि जवळपास एक पूर्ण किट गेलं. चौकट गळत होती म्हणून मी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून गॅस्केट म्हणून लावल्या. मधला भाग छान झाला आणि कडेला बोटभर रुंद पट्टा तसाच चिकट, गुळाच्या पाकासारखा. परत ओव्हन, परत तसंच. प्रमाण बदललं, तापमान वाढवलं, काही नाही. शेवटी एका पोरानं विचारलं, "सर, कडंलाच काहून चिकट राहायलंय?" आणि तिथं उत्तर सापडलं. पीडीएमएस प्लॅटिनम कॅटॅलिस्टवर पक्कं होतं आणि ट्यूबचं रबर गंधकानं व्हल्कनाइझ केलेलं असतं, गंधक प्लॅटिनमला निकामी करतो. लेटेक्सचे ग्लोव्ह, गंधक असलेली मूर्तीची माती, अमाईन असलेलं काही इपॉक्सी, टिन क्युअरचं सिलिकॉन, हे सगळं त्याच यादीत. तेव्हापासून त्या टेबलावर फक्त नायट्राईल ग्लोव्ह आणि ॲक्रेलिक.

आता यात धातू कसा बसवायचा. तांबं पीडीएमएसला चिकटत नाही, वरून लावलं की पहिल्या ताणातच "सर, तांबं निघायलंय" हे वाक्य ऐकायला मिळतं. म्हणून आत गाडायचं. पहिला अर्धा मिलीमीटरचा थर ओता, ७० डिग्रीला वीस-पंचवीस मिनिटांनी बोट लावून बघा, बोटाला चिकटत नाही पण ठसा उमटतो अशा अवस्थेला बाहेर काढा. ट्रान्सफर टेपवर उचललेले लूप त्यावर हलकेच दाबून बसवा, टेप सोडवा, आणि वरून दुसरा थर ओतून दोन तास पूर्ण पक्कं करा. दोन्ही थर लूपच्या मोकळ्या जागेतून एकमेकांत मिसळतात आणि तांबं मधोमध अडकून बसतं, रिव्हेट मारल्यासारखं. लूप सुटे सुटे असल्यामुळं ताणताना मधलं रबर ताणलं जातं, तांबं तेवढं नाही. जिथं सलग रेघच पाहिजे तिथं ती सरळ न ठेवता सापासारखी वळणावळणाची करा.

ताणल्यावर काय होतं तेही लक्षात ठेवा. पीडीएमएसचं आकारमान जवळपास बदलत नाही, एका दिशेनं २० टक्के ताणलं तर दुसऱ्या दिशेनं साधारण ९ टक्के आकसतं. म्हणजे लूपमधलं अंतर एकीकडं वाढतं, एकीकडं कमी होतं, आणि लाटेचं ध्रुवीकरण कोणत्या दिशेला आहे त्यावर निकाल बदलतो. दोन्ही दिशांनी मोजल्याशिवाय ग्राफ काढू नका.

लूप स्वतःच ताणला जावा असं वाटत असेल तर द्रवरूप धातू. गॅलियम ७५.५ टक्के आणि इंडियम २४.५ टक्के यांचं मिश्रण साधारण १५.५ डिग्रीला वितळतं, आपल्याकडच्या हवेत ते घट्ट व्हायचा प्रश्न जवळजवळ येतच नाही. पीडीएमएसमध्ये नळ्या साच्यातून काढायच्या, वर दुसरी शीट चिकटवून बंद करायचं, आणि सिरिंजनं एका भोकातून धातू भरायचा, दुसऱ्या भोकातून हवा निघते. वर त्याची ऑक्साईडची साय धरते, त्यामुळं तो नळीत टिकून राहतो. प्रत्येक लूप वेगळा भरावा लागतो हे खरं कष्टाचं काम आहे, म्हणून ४ बाय ४ लूपपासून सुरू करा. आणि ॲल्युमिनियमजवळ आणू नका, गॅलियम ॲल्युमिनियममध्ये शिरून त्याला ठिसूळ करतो, बेंचचा ॲल्युमिनियमचा भाग खराब केला तर वर्षभर प्रॅक्टिकल बंद.

कापडावर पण हे होतं, कंडक्टिव्ह धाग्यानं भरतकाम करून. पैठणीची जर बघा, धाग्याच्या गाभ्याभोवती चपटी धातूची तार मळसूत्रासारखी गुंडाळलेली असते, म्हणून पदर घडी घालून ठेवला तरी तार तुटत नाही. कंडक्टिव्ह धाग्यांच्या एका जातीत हीच रचना असते. मी स्वतः कापडावर अजून नीट शीट केलेली नाही, म्हणून जास्त बोलत नाही.

टेराहर्ट्झला जायचं असेल तर

इथं आपल्या लॅबचं काम संपतं, पण रस्ता माहीत असावा. सिलिकॉनच्या चकतीवर द्रव पॉलिइमाइड स्पिन करून ५-१० मायक्रॉनचा थर पक्का करतात, वर फोटोरेझिस्टनं नक्षी, मग १० नॅनोमीटर टायटेनियम किंवा क्रोमियम आणि त्यावर २०० नॅनोमीटर सोनं, मग लिफ्ट-ऑफ (फोटोरेझिस्टसोबत नको असलेला धातू काढून टाकणं), आणि शेवटी सगळी फिल्म चकतीवरून सोलून काढतात. टायटेनियमचा तो पातळ थर नसेल तर सोनं पॉलिमरला धरत नाही, परत तोच जोडाचा प्रश्न. पीडीएमएसचा लॉस टेराहर्ट्झला जास्त, म्हणून तिथं पॉलिइमाइड, पॅरिलीन किंवा सीओसी, असली कमी लॉसची प्लास्टिकं. प्रकाशासाठी टायटॅनियम डायऑक्साईड किंवा सिलिकॉनचे खांब इलेक्ट्रॉन बीमनं नाहीतर नॅनोइम्प्रिंटनं करून पॉलिमरमध्ये गाडतात. आयआयटी मुंबईसारख्या ठिकाणी बाहेरच्या संशोधकांना फॅब वापरायला देणारा आयएनयूपी कार्यक्रम आहे, जिल्ह्याच्या कॉलेजातून अर्ज करायला लाजू नका.

मोजणी आणि वाकवणी

बेंचवर दोन हॉर्न (भोंग्यासारखे अँटेना) समोरासमोर ठेवा. हॉर्नचं तोंड ८ सेंटिमीटर असेल तर १० गिगाहर्ट्झला कमीत कमी ४३ सेंटिमीटर अंतर पाहिजे. मध्ये पुठ्ठ्याचा मोठा पडदा, त्याला ॲल्युमिनियम फॉइल लावून ए४ शीटसाठी १८ सेंटिमीटरची चौकोनी खिडकी कापा, नाहीतर लाट शीटच्या कडेनं वळसा घालून जाते आणि शीट कामच करत नाही असं वाटतं. खिडकी रिकामी ठेवून व्हीएसडब्ल्यूआर मीटर (बेंचचा सिग्नल मोजणारा मीटर) शून्य डीबीला लावा, मग शीट बसवा, गन डायोडचा मायक्रोमीटर थोडा थोडा फिरवत प्रत्येक वेळी फ्रिक्वेन्सी मीटरनं फ्रिक्वेन्सी आणि मीटरवरचा डीबी लिहून घ्या. प्रत्येक फ्रिक्वेन्सीला रिकाम्या खिडकीचा आकडा परत घ्यायचा, कारण गनची पॉवर सगळीकडं सारखी नसते.

वाकवायला महागडं काही लागत नाही, शेतातले पाईप आणा. ११० मिलीमीटरचा, ९० चा, ६३ चा पीव्हीसी आणि शेवटी १६ मिलीमीटरची ड्रिपची नळी, म्हणजे त्रिज्या ५५ पासून ८ मिलीमीटरपर्यंत. पाईपचं पीव्हीसी स्वतः रेझोनन्स खाली ओढतं, म्हणून बेंचवर मोजताना शीट आणि पाईपमध्ये थर्माकोलचा थर ठेवा आणि नुसत्या पाईपचा रेफरन्स घ्या. वाकलेल्या शीटच्या वेगवेगळ्या भागावर लाट वेगवेगळ्या कोनात पडते, त्यामुळं ग्राफमधली रेझोनन्सची दरी थोडी रुंद आणि उथळ येणारच, ती धातू तुटल्याची खूण नाही.

धातू तुटलाय का ते कडेची नागमोडी रेघ सांगते. ड्रिपच्या नळीवर गुंडाळा, सरळ करा, १०० वेळा, मग ५००, मग १०००, प्रत्येक टप्प्याला रेझिस्टन्स लिहा. शक्य असेल तर चार वायरनं मोजा, कारण दोन ओहममध्ये प्रोबचाच अर्धा ओहम येतो. १.९ चा २.१ झाला तर समजा तडे सुरू झाले. तिथं भिंग लावून बघा, तडा रेघेच्या मधोमध आहे का तांबं कडेनं उचललंय. मधोमध असेल तर शीट अजून पातळ करा किंवा झाकणीची जाडी बेसएवढी आहे का तपासा. कडेनं उचललं असेल तर दोष चिकटण्यात आहे, वाकवण्यात नाही, पहिल्या दिवशीची सफाई आणि वाळवणी परत करा आणि नवीन शीटच्या कोपऱ्यावर आधी चिकटपट्टी लावून झटक्यात ओढून बघा, तांबं पट्टीवर आलं तर पुढचं काही करू नका.